एका खटल्याला दोन वकील: बॅरिस्टर आणि सॉलिसिटर यांच्यात नेमका फरक काय?

आपल्याकडे एकेकाळी बॅ. मुकुंदराव जयकर, बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले अशी नावं लिहायची रीत होती. नावाआधी 'बॅ.' आलं की माणूस विलायतेला जाऊन आला, तिथे शिकला आणि मोठा झाला, एवढं सगळं त्यातच कळायचं. मुंबईच्या फोर्टात तेव्हा सॉलिसिटरही होते. बड्या व्यापाऱ्यांचे, ट्रस्टांचे, बँकांचे कागद त्यांच्या कपाटांत असायचे आणि पैसाही बरा मिळायचा. पण नावाआधी 'सॉ.' लावलेलं कधी कुणी पाहिलं नाही. त्यामुळे आपल्या डोक्यात एक उतरंड पक्की बसली: बॅरिस्टर म्हणजे मोठा वकील आणि सॉलिसिटर म्हणजे त्याच्या हाताखालचा.

ही उतरंड खरी नाही. इंग्लंडमध्ये हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. परीक्षा वेगळ्या, नियमन करणाऱ्या संस्था वेगळ्या, पैसे मिळवायच्या पद्धती वेगळ्या. कुणी कुणाचा साहेब नाही. सध्याचे लोकच बघा: पंतप्रधान झालेले किअर स्टार्मर बॅरिस्टर, तर लंडनचे महापौर सादिक खान सॉलिसिटर. फरक एका वाक्यात सांगायचा तर अशील सॉलिसिटरकडे जातो आणि सॉलिसिटर बॅरिस्टरकडे जातो. बाकीचे बहुतेक फरक या एका व्यवस्थेतून निघालेत. आणि या व्यवस्थेत खरी किल्ली कुणाच्या हातात राहते, हे नीट पाहिलं तर 'बॅ.'चा दबदबा बराच उतरतो.

उदाहरणच घेऊ. समजा, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये राहणाऱ्या देशपांडे नवरा-बायकोंनी घरामागे एक खोली वाढवायचं काम बिल्डरला दिलं. साठ हजार पौंड मोजले. पहिल्याच हिवाळ्यात छत गळायला लागलं, भिंतीला तडा गेला आणि बिल्डर फोन उचलेनासा झाला. देशपांडे वकील शोधायला निघाले की बाजारपेठेच्या रस्त्यावर त्यांना पाटी दिसते ती सॉलिसिटरच्या फर्मची. आत गेल्यावर आधी पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा मागतात, कारण समोरचा माणूस कोण आहे हे तपासणं फर्मला कायद्यानं भाग असतं. मग तो बिल्डरही याच फर्मचा अशील नाही ना, हे बघतात. त्यानंतर एक पत्र हातात पडतं: काम कोण करणार, तासाला किती घेणार, एकूण खर्चाचा अंदाज काय. सॉलिसिटरचं मीटर बहुधा सहा-सहा मिनिटांच्या टप्प्यांनी चालतं, म्हणजे तासाचे दहा भाग. दोन मिनिटांच्या फोनलाही एक भाग खर्ची पडतो. सगळे प्रश्न कागदावर लिहून मगच फोन करावा, हा सल्ला तिथे फुकट मिळतो आणि तो ऐकण्यासारखा असतो.

पुढचं सगळं वर्षभराचं राबणं सॉलिसिटरचं. बिल्डरला दाव्याआधीचं रीतसर पत्र पाठवायचं. इमारतीच्या जाणकाराकडून पाहणी करून अहवाल घ्यायचा. करारपत्र, पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, फोटो हे सारं तारीखवार लावायचं. शेजाऱ्यानं काही पाहिलं असेल तर त्याचं निवेदन त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. इंग्लंडमध्ये आपल्या बाजूला मारक ठरतील असे कागदही विरुद्ध पक्षाला दाखवावे लागतात, आणि ते दडवायचे नाहीत हे अशिलाला पटवायचं कामही सॉलिसिटरचंच. दाव्याची रक्कम, कोर्ट फी, तडजोडीचे पैसे यायचे-जायचे असतात तेही त्याच्यामार्फत. त्यासाठी अशिलांच्या पैशाचं वेगळं खातं ठेवावं लागतं आणि त्याला हात लावला तर सनद जाते. बॅरिस्टरला मात्र अशिलाचा पैसा स्वतःजवळ ठेवायला बंदीच आहे.

मग बॅरिस्टर कधी येतो? दोन वेळा. पहिल्यांदा सुरुवातीला. सॉलिसिटरला वाटतं की बांधकाम-करारातला एक मुद्दा नाजूक आहे, दावा टिकेल का हे नक्की नाही. तो एका बॅरिस्टरकडे कागद पाठवून लेखी मत मागतो. बॅरिस्टर कायदा आणि जुने निवाडे पाहून सांगतो: इथे तुम्ही जिंकाल, इथे मार खाल, इतक्या रकमेवर तडजोड होत असेल तर सोडू नका. अनेकदा दाव्याचा मसुदाही तोच लिहून देतो. दुसऱ्यांदा येतो तो खटला सुनावणीला उभा राहतो तेव्हा. तेव्हा त्याला 'ब्रीफ' मिळतं, म्हणजे सगळ्या कागदांचा नीट लावलेला गठ्ठा. पूर्वापार हा गठ्ठा गुलाबी फितीनं बांधतात. कोर्टात उलटतपासणी आणि युक्तिवाद बॅरिस्टर करणार, सॉलिसिटर किंवा त्याचा सहायक मागच्या बाकावर बसून टिपणं घेणार.

इथे देशपांड्यांना एक धक्का बसू शकतो. ज्या बॅरिस्टरला ते महिन्यापूर्वी भेटले, ज्याला सगळी कहाणी सांगितली, त्याचा दुसरा खटला लांबला तर तो येऊच शकत नाही. आदल्या संध्याकाळी ब्रीफ दुसऱ्याकडे जातं आणि सकाळी कोर्टाच्या दारात एक अनोळखी माणूस हात पुढे करून म्हणतो, आज मी तुमच्या बाजूनं उभा राहणार आहे. त्यानं रात्रभर बसून कागद वाचलेले असतात आणि बहुतेक वेळा काम चोखही होतं. पण अशिलाच्या छातीत धस्स होतं ते होतंच. दोन वकिलांच्या पद्धतीवर मला सगळ्यात खरी वाटणारी तक्रार हीच आहे. खर्चाची तक्रार त्यानंतरची.

समजावताना इंग्रज लोक नेहमी दवाखान्याचा दाखला देतात: सॉलिसिटर म्हणजे फॅमिली डॉक्टर आणि बॅरिस्टर म्हणजे त्यानं चिठ्ठी देऊन पाठवलेला स्पेशालिस्ट. छोट्या गावापुरतं हे ठीक आहे. पण लंडनमधल्या क्लिफर्ड चान्स, लिंकलेटर्स, स्लॉटर अँड मे यांसारख्या सॉलिसिटर फर्म बघा. तिथला एखादा सॉलिसिटर आयुष्यभर फक्त कंपन्यांची विलीनीकरणं करतो, त्याच्याइतका त्या विषयातला तज्ज्ञ सापडणं मुश्कील, आणि त्याला कोर्टाची पायरी चढायची वेळ वर्षानुवर्षं येत नाही. घराचं खरेदीखत, मृत्युपत्र, कंपनीचा करार, घटस्फोटातली वाटणी ही कामं बॅरिस्टरशिवायच पार पडतात. म्हणूनच संख्येतही मोठी तफावत आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये व्यवसाय करणारे सॉलिसिटर दीड लाखाहून जास्त आहेत, तर बॅरिस्टर अठरा हजारांच्या आसपास.

बॅरिस्टर बसतात ते 'चेंबर्स'मध्ये, आणि हा प्रकार बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. पाटीवर तीस-चाळीस नावं असतात, त्यामुळे ती एक कंपनी वाटते. तशी ती नसते. बहुतेक बॅरिस्टर स्वतंत्र धंदा करणारे असतात. जागा, ग्रंथालय आणि कारकून यांचा खर्च ते वाटून घेतात, बाकी कमाई ज्याची त्याची. म्हणूनच एकाच चेंबर्समधले दोन बॅरिस्टर एकाच खटल्यात समोरासमोर उभे राहू शकतात. एक देशपांड्यांच्या बाजूनं, दुसरा बिल्डरच्या बाजूनं, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. सॉलिसिटरच्या फर्ममध्ये हे चालणार नाही. तिथे भागीदारी असते, एकाचा अशील तो सगळ्या फर्मचा अशील.

या चेंबर्सचा खरा कारभारी म्हणजे क्लार्क. नाव कारकुनाचं असलं तरी रुबाब वेगळाच. कोणत्या बॅरिस्टरला कोणतं ब्रीफ द्यायचं, कुणाची तारीख मोकळी आहे, फी किती सांगायची, हे तो ठरवतो. फीबद्दल बोलणं बॅरिस्टरला जुन्या चालीनं अशोभनीय, म्हणून घासाघीस क्लार्क आणि सॉलिसिटर यांच्यात होते. तरुण बॅरिस्टरचं नशीब पहिली काही वर्षं या माणसाच्या मर्जीवर असतं म्हटलं तरी चालेल.

पैशाबद्दलचा हा सोवळेपणा कायद्यातही उतरला होता. बॅरिस्टरची फी म्हणजे मजुरी नव्हे, मानधन, अशी समजूत होती. त्यामुळे फी बुडाली तर त्याला दावा लावता येत नसे. सॉलिसिटरनं शब्द पाळून पैसे द्यायचे, एवढाच आधार. १९९० च्या कायद्यानं बॅरिस्टरला रीतसर करार करायची मुभा दिली. याची दुसरी बाजू अशी की कोर्टातल्या कामात हलगर्जी केली म्हणून बॅरिस्टरवर दावा करता येत नसे. १९६७ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, हे संरक्षण उचलून धरलं आणि २००० साली त्याच सभागृहानं ते काढून टाकलं. आता चूक केली तर दोघांनाही भरपाई द्यावी लागते.

बॅरिस्टरांचा सगळ्यात उल्लेखनीय नियम मात्र पैशाचा नाही. टॅक्सीच्या रांगेतला पहिला ड्रायव्हर गिऱ्हाईक निवडू शकत नाही, तसं स्वतंत्र बॅरिस्टरनंही आलेलं ब्रीफ नाकारायचं नाही, असा तो दंडक. विषय आपल्या अभ्यासातला असेल, वेळ मोकळा असेल, फी वाजवी असेल आणि हितसंबंध आड येत नसतील, तर अशील कितीही बदनाम असो, त्याची बाजू मांडायची. १७९२ साली थॉमस पेन या बंडखोर लेखकावर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा थॉमस अर्स्किन या बॅरिस्टरनं त्याचं वकीलपत्र घेतलं. अर्स्किन युवराजाचा कायदा-सल्लागार होता. या खटल्यापायी ते पद गेलं, पण तो हटला नाही. खुन्याचा बचाव करणारा बॅरिस्टर खुनाचं समर्थन करत नाही, हे तिथल्या सामान्य माणसालाही कळतं याचं श्रेय बऱ्याच अंशी या दंडकाला आहे. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर कसाबसाठी वकील मिळता मिळेना आणि शेवटी कोर्टाला नेमावा लागला, हे आपण पाहिलंच. तसं भारतीय बार कौन्सिलच्या नियमांतही ब्रीफ घ्यायचं बंधन आहे, आणि अमक्याचा खटला आमच्यातलं कुणी लढवणार नाही असे वकील-संघटनांचे ठराव बेकायदा आहेत, असं सुप्रीम कोर्टानं २०१० साली बजावलं.

पण लक्षात घ्या, इंग्लंडमधला हा दंडक बॅरिस्टरपुरता आहे. सॉलिसिटरला तो लागू नाही. दारात आलेल्या अशिलाला सॉलिसिटर नकार देऊ शकतो, आणि कोणत्या बॅरिस्टरकडे कागद पाठवायचे हेही तोच सुचवतो. म्हणजे बॅरिस्टर कुणालाही नाही म्हणू शकत नाही, पण त्याच्यापर्यंत कुणी पोचावं हे त्याच्या हातात नाही. याची किंमत काय असू शकते ते मुंबईतच दिसलं.

त्याआधी थोडं शिक्षणाबद्दल. बॅरिस्टर व्हायला लंडनमधल्या चार 'इन्स'पैकी एकाचं सदस्य व्हावं लागतं: लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल. या शेकडो वर्षांच्या जुन्या संस्था आहेत. कॉलेज, क्लब आणि मठ यांचं मिश्रण वाटावं अशा. सदस्याला बॅरिस्टर म्हणून स्वीकारायचं की नाही हे इन ठरवतं. ग्रेज इननं १९०९ साली सावरकरांना परीक्षा पास होऊनही ती सनद दिली नाही, ती याच अधिकारात. पूर्वी या शिक्षणात परीक्षेइतकंच महत्त्व जेवणाला होतं. १८८८ साली इनर टेंपलमध्ये दाखल झालेल्या गांधींनी याचं मजेदार वर्णन करून ठेवलंय. बारा सत्रं भरायची आणि प्रत्येक सत्रात निदान सहा वेळा इनच्या दालनात जेवायला हजर राहायचं. चौघांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत. गांधी पीत नसल्यामुळे त्यांना आपल्या टेबलावर घ्यायला बाकीच्यांची चढाओढ असे, कारण दोन बाटल्या तिघांत संपवता येत. १० जून १८९१ ला ते बॅरिस्टर झाले, ११ ला हायकोर्टात नाव नोंदवलं आणि १२ ला बोटीत बसले.

आता जेवणाचं प्रस्थ कमी झालंय. पदवी, मग बारचा म्हणजे बॅरिस्टरकीचा अभ्यासक्रम, मग अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली वर्षभराची उमेदवारी. खरी चाळणी या उमेदवारीला लागते. अभ्यासक्रम पास होणारे पुष्कळ, उमेदवारीच्या जागा मोजक्या. ज्यांना ती मिळत नाही ते बॅरिस्टर म्हणवू शकतात, पण वकिली करू शकत नाहीत. सॉलिसिटरसाठी पूर्वी पाच-पाच वर्षं एखाद्या फर्ममध्ये खर्डेघाशी करावी लागे आणि तिच्यासाठी वर आपणच पैसे भरायचे. २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव अशी सोय झाली आहे. जुन्या काळी आपली मुलं लंडनला जाऊन सॉलिसिटर न होता बॅरिस्टरच का झाली, याचं उत्तर बऱ्यापैकी इथे आहे. बॅरिस्टरकी तीन वर्षांत पदरात पडायची, त्यासाठी कुणा गोऱ्या फर्मनं ठेवून घ्यायची गरज नव्हती, आणि परत आल्यावर हिंदुस्थानातल्या हायकोर्टांचे दरवाजे उघडे.

बायकांना मात्र दोन्ही दरवाजे १९१९ पर्यंत बंद होते. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा पास झाल्या, पण लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या त्या १९२३ साली. एकतीस वर्षांनी.

गांधींची पुढची कहाणी या दोन कामांतला फरक जितका स्पष्ट दाखवते तितका कुठलंही पाठ्यपुस्तक दाखवणार नाही. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात ते उलटतपासणीला उभे राहिले आणि पाय लटपटले, तोंडातून प्रश्न फुटेना. तीस रुपये फी परत करून ते निघून आले. मग राजकोटला जाऊन अर्ज-विनंत्यांचे मसुदे लिहायला लागले आणि महिन्याला सरासरी तीनशे रुपये मिळू लागले. १८९३ साली दादा अब्दुल्लांच्या पेढीनं त्यांना दक्षिण आफ्रिकेला नेलं तेही कोर्टात बोलायला नव्हे, तर तिथल्या वकिलांना खटला समजावून द्यायला: हिशेबाच्या वह्या वाचायच्या, पत्रव्यवहार लावायचा, बाजू पक्की करायची. सॉलिसिटरचं काम. ते त्यांनी इतकं मनापासून केलं की शेवटी दोन्ही पक्षांना लवादाला राजी केलं. १८९४ साली नाताळच्या सुप्रीम कोर्टात त्यांची अ‍ॅडव्होकेट म्हणून नोंद झाली आणि १९०३ साली जोहान्सबर्गला अ‍ॅटर्नी म्हणून, म्हणजे तिथल्या भाषेत सॉलिसिटर म्हणून. बॅरिस्टर म्हणून परतलेल्या माणसाला सूर सापडला तो कागदांच्या बाजूला.

आंबेडकरांची गोष्ट उलटी आणि जास्त बोचरी आहे. ग्रेज इनमधून १९२२ साली बॅरिस्टर होऊन त्यांनी १९२३ साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. तेव्हा मुंबई हायकोर्टाच्या दोन बाजू होत्या, आजही आहेत. ओरिजिनल साइड म्हणजे मुंबई शहरातले बडे दिवाणी दावे थेट हायकोर्टात चालतात ती. अपेलेट साइड म्हणजे मुफस्सिलमधून, शहराबाहेरच्या जिल्ह्यांतून, अपिलं येतात ती. ओरिजिनल साइडला इंग्लंडची पद्धत तशीच्या तशी उचललेली होती: सॉलिसिटरनं ब्रीफ दिल्याशिवाय कुणालाही युक्तिवादाला उभं राहता येत नसे. पैसा तिथेच होता. आणि शहरातले सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला तयार नव्हते. इंग्लंड-अमेरिकेतल्या पदव्या आणि बॅरिस्टरची सनद एका बाजूला, आणि बंद दार दुसऱ्या बाजूला. हे दार कुठल्या नियमानं बंद केलेलं नव्हतं. नियमानं ते फक्त सॉलिसिटरच्या ताब्यात दिलेलं होतं. बाकीचं काम जातीनं केलं. आंबेडकर अपेलेट साइडला आणि जिल्ह्याच्या कोर्टांत काम करत राहिले, कारण तिथे अशील सरळ वकिलाकडे येऊ शकत होता. १९२६ साली पुण्यात ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकर प्रभृतींवरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात ते गाजले, तोवर संसार चालवायला त्यांना बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला होता.

दोन वकिलांच्या पद्धतीचे गोडवे गाणारे म्हणतात की तिच्यामुळे बॅरिस्टर स्वतंत्र राहतो, अशिलाच्या आर्जवांत अडकत नाही, आणि खेड्यातला छोटा सॉलिसिटरही लंडनचा उत्तमोत्तम बॅरिस्टर अशिलासाठी आणू शकतो. हे सगळं खरं आहे. पण मध्ये बसलेल्या माणसाचे पूर्वग्रह तपासायची सोय त्या पद्धतीत नव्हती, हेही तितकंच खरं.

भारतात १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनं बॅरिस्टर, वकील, प्लीडर, मुखत्यार हे सगळे भेद मोडून अ‍ॅडव्होकेट हा एकच वर्ग केला. मुंबई आणि कलकत्त्याच्या ओरिजिनल साइडवरची दुहेरी पद्धत त्यातूनही तगली आणि १९७७ सालच्या पहिल्या दिवशी कायद्यानं संपली. कायद्यानं संपली तरी सवयीनं उरली. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते, आणि फोर्ट-नरिमन पॉइंटला 'अ‍ॅडव्होकेट्स अँड सॉलिसिटर्स' अशा पाट्या दिसतात. मोठ्या दाव्यात फर्म कागद तयार करते आणि उभं राहायला बाहेरचा काउन्सेल आणते. दिल्लीत तर हीच रचना नव्या नावानं नियमात बसली आहे. सुप्रीम कोर्टात प्रकरण दाखल करू शकतो फक्त 'अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड'. त्याला वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि कोर्टापासून सोळा किलोमीटरच्या आत ऑफिस ठेवावं लागतं. उलट सीनियर अ‍ॅडव्होकेटला वकीलपत्र दाखल करता येत नाही आणि अशिलाकडून थेट काम घेता येत नाही. टीव्हीवर दिसणारे मोठमोठे सीनियर एका अर्थी बॅरिस्टर आहेत. आणि गंमत म्हणजे भारताचे सॉलिसिटर जनरल कोर्टात उभं राहून युक्तिवादच करतात, त्या पदाचा सॉलिसिटरकीशी आता नावापुरताच संबंध.

इतर देशांनी आपापल्या सोयीनं मार्ग काढलेत. अमेरिकेत भेदच नाही. कॅनडात क्विबेक सोडून बहुतेक ठिकाणी एकाच माणसाच्या पाटीवर 'बॅरिस्टर अँड सॉलिसिटर' दोन्ही असतं, न्यूझीलंडमध्येही सनद दोन्हींची मिळते आणि ज्याला फक्त कोर्टाचं काम करायचंय तो वेगळा होतो. सिंगापूर-मलेशियात 'अ‍ॅडव्होकेट अँड सॉलिसिटर' एकच. हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स इंग्लंडसारखे. आयर्लंडचे बॅरिस्टर चेंबर्समध्ये न बसता डब्लिनच्या लॉ लायब्ररीतून काम करतात. सगळ्यात बोलकं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाचं: १८९१ साली कायद्यानं दोन्ही व्यवसाय एक केले, पण वकिलांनी बॅरिस्टरांचा वेगळा बार तसाच चालू ठेवला. कोर्टात बोलणं आणि वर्षभर कागद सांभाळणं ही दोन कामं एका माणसाला जमत नाहीत असं नाही, पण मोठ्या दाव्यात ती आपोआप वेगळी होतात असं दिसतं.

खुद्द इंग्लंडमध्ये भिंत आता बरीच झिरपू लागली आहे. खालच्या कोर्टांत सॉलिसिटर आधीपासूनच बोलू शकत. १९९० च्या कायद्यानंतर ज्यादा परीक्षा देऊन वरच्या कोर्टांतही बोलता येऊ लागलं. १९९३ साली मायकल सॅक्स हे हायकोर्टाचे न्यायाधीश झालेले पहिले सॉलिसिटर. उलट बाजूनं, २००४ पासून सामान्य माणूस काही प्रकरणांत सॉलिसिटरला वगळून थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकतो. मात्र मग नोटिसा, कागदांची जुळवाजुळव, तारखा हे बरंचसं आपलं आपल्यालाच बघावं लागतं. फौजदारी कोर्टात केसांचा टोप आणि झगा अजून आहे, दिवाणी न्यायाधीशांनी २००८ साली टोप उतरवला. बॅरिस्टर एकमेकांचा उल्लेख 'माय लर्नेड फ्रेंड' असा करतात, पण समोर सॉलिसिटर असेल तर जुन्या चालीत तो नुसताच 'माय फ्रेंड'. विद्वत्ता तेवढी गाळायची. एवढा खवचटपणा चालतोच.

तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाला काम पडलंच तर सोपा हिशेब असा. घर घ्यायचंय, मृत्युपत्र करायचंय, नोकरीवरून काढलंय, व्हिसाचं प्रकरण आहे, भाडेकरूशी वाजलंय: आधी सॉलिसिटर. नुसतं घरखरेदीचं काम असेल तर परवानाधारक कन्व्हेयन्सरही चालतो, कारण ती मक्तेदारी १९८५ च्या कायद्यानं मोडली. कायद्याचा एकच नेमका प्रश्न आहे आणि कागद स्वतः लावता येतात, तर थेट बॅरिस्टर, पण त्यानं त्यासाठीचं प्रशिक्षण घेतलेलं असायला हवं. सॉलिसिटरची नोंद सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या यादीत आणि बॅरिस्टरची बार स्टँडर्ड्स बोर्डाच्या यादीत फुकट तपासता येते. एखादा स्वतःला बॅरिस्टर म्हणवतोय आणि यादीत त्याच्या नावापुढे चालू सनद दिसत नाहीये, तर त्यानं परीक्षा दिली असेल, इनमध्ये जेवलाही असेल, पण तुमच्या वतीनं कोर्टात उभं राहायचा अधिकार त्याला नाही.